पोटातलं पोटीन

डिंभ्याच्या चांगदेवाच्या पोटात काय काय मावतं, याचा अंदाज घोडेगावपासून जुन्नरपर्यंत कुणालाच नव्हता. धरणाच्या पाण्यातून वाचलेली शेती तो करायचा, पण लोक त्याला ओळखत ते लग्नं जुळवणारा म्हणून. दोन्ही तालुक्यांत त्याने इतक्या सोयरिकी लावून दिल्या होत्या, की कुठल्याही मांडवात गेला तरी वऱ्हाडही त्याला आपला समजायचं आणि घरचेही. मुलगा तापट असला तर चांगदेव म्हणे, "करारी हाय." सासू खाष्ट असली तर म्हणे, "घराला शिस्त हाय." यात तो खोटं काहीच बोलत नसे. दहा गोष्टी कळल्या तर त्यातल्या आठ चांगल्या तेवढ्या सांगायच्या आणि उरलेल्या दोन पोटात ठेवायच्या, एवढंच.

१९९९च्या लग्नसराईत मात्र त्याची मांडवातल्या बुंदीवरची वासना उडाली. दोन घास खाल्ले की पोट तट्ट व्हायचं. मंचरच्या डॉक्टरांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या, त्या दोन महिने खाल्ल्या. मग एक दिवस शौचाला डांबरासारखं काळं झालं, तेव्हा त्याची बायको शीला त्याला दंडाला धरून एसटीने पुण्याला घेऊन गेली. तिथल्या मोठ्या दवाखान्यात तोंडातून नळी घालून पाहिलं. जठरात कॅन्सरची गाठ होती. आठवड्याभरात ऑपरेशन झालं, अर्ध्याहून जास्त जठर काढून टाकलं.

तो शुद्धीवर आला तेव्हा शीला त्याच्या उशाशी बसली होती. रडून झालं होतं, आता चिडली होती.

"जलमभर लोकांचं पोटात घातलंत. सडलं ते तिथंच."

ड्रेसिंग करणारी नर्स हसली आणि म्हणाली, "मावशी, असं काही नसतं." पण चांगदेवाला नर्सपेक्षा बायकोचं पटलं.

याच दवाखान्यात श्रेया मॅडम होत्या. वय तिशीच्या आत-बाहेर, दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायच्या. जठराच्या कॅन्सरचा अभ्यास करत होत्या. काढलेल्या गाठीचा तुकडा अभ्यासाला वापरू का, असं विचारायला त्या चांगदेवाच्या खाटेपाशी आल्या.

"वापरा की. मला काय आता त्याचं लोणचं घालायचंय?" चांगदेव म्हणाला. "पर बगनार काय त्याच्यात?"

मॅडमनी खुर्ची ओढली. सांगायची हौस होती त्यांना. "गाठीतल्या पेशींना दुसरीकडे जायचं असेल, तर आधी भोवतीचं कुंपण तोडावं लागतं. काही गाठींमध्ये एक प्रोटीन असतं, ते हे कुंपण विरघळवतं. ते किती आहे, हे रंग देऊन कळतं. ज्यांच्यात जास्त असेल त्यांच्यात आजार पसरतो का, हे आम्ही बघतोय."

"म्हंजी कुंपनच श्यात खातं, आसं."

"नाही, कुंपण शेत खात नाही. शेतातलंच कुणीतरी कुंपण खातं."

चांगदेवाला ही उलटी म्हण फार आवडली. प्रोटीन हा शब्द मात्र त्याच्या तोंडी बसेना. पोटातलं म्हणून पोटीन, असा त्याने त्याचा अर्थ लावला, आणि पुढे सगळ्या डिंभ्यात तेच नाव रूढ झालं.

केमोच्या सलाईनी झाल्या. डोक्यावरचे केस गेले. पुढच्या वर्षी उन्हाळ्यात तपासणीला गेला तेव्हा चांगदेवाने श्रेया मॅडमना शोधून काढलं. "आमच्या पोटीनाचं काय झालं?" त्याने विचारलं.

मॅडम म्हणाल्या, "बसा ना काका. चहा घ्याल? प्रवास कसा झाला? काकू बऱ्या आहेत ना?"

चांगदेवाने ओळखलं. उभा जन्म त्याने मुली दाखवण्याच्या कार्यक्रमांत काढला होता. पसंती असली की माणसं थेट हुंड्या-मानपानावर येतात. मुलगी नापसंत असली की मात्र चहाचा फार आग्रह होतो. चहा न घेताच तो म्हणाला, "मॅडम, आमी नकार लई पचवलेत. सांगा."

"काका, हे अजून अभ्यासात आहे. एका माणसाबद्दल यावरून काही सांगता येत नाही."

"माझ्यात जास्त निगालं?"

मॅडम उठून कपाटापाशी गेल्या. मग त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या गाठीच्या तुकड्याची काच ठेवली आणि त्याला बघू दिलं. निळसर गर्दीत नाचणीच्या भाकरीसारखे तपकिरी डाग पसरले होते. तपकिरी जास्तच होतं.

"आन् जास्त निगालं की काय व्हतं?"

"आत्तापर्यंत जेवढे बघितले त्यांत, जास्त असलेल्या दहांतल्या आठ जणांना दोन-तीन वर्षांत आजार पसरला. पण काका..."

पणच्या पुढचं चांगदेवाने ऐकलं नाही. पत्रिकेतला मंगळ त्याने आयुष्यभर हसत हसत उडवून लावला होता. गुण जुळत नसले तर घोडेगावचा एक जोशी गाठून तो ते जुळवून आणायचा. पण ही काचेवरची पत्रिका त्याने मान खाली घालून मान्य केली.

परतीच्या एसटीत त्याने शीलाला सांगितलं, "दोन वर्सं."

शीला खिडकीबाहेर बघत राहिली. खेड गेलं, मंचर आलं. तिथे उतरताना ती एवढंच म्हणाली, "मग आता तरी पोट रिकामं करा. संगं नेऊ नका."

ती बिचारी वैतागून बोलली. चांगदेवाने तो हुकूम मानला.

सुरुवात त्याने घरापासून केली. त्याचा मेव्हणा सोपान दर गुरुवारी देवळात भजन करायचा. त्याला चांगदेव म्हणाला, "सोपाना, तुजा सूर येक दिवस लागला न्हाई. पेटी येका वाटंनी जाती, तू दुसऱ्या." सोपानचा चेहरा उतरला, पण मरणाऱ्या माणसाशी वाद कसा घालायचा? त्याने टाळ खाली ठेवले. पुढच्या गुरुवारी आला नाही. मग गावाला कळलं की सोपान बेसूर गायचा हे खरं, पण दर गुरुवारी न चुकता देवळात येणारा तेवढा एकटाच होता. भजनच बंद पडलं.

जुन्नरच्या पेठेत नेमीचंदशेठचं कापडाचं दुकान होतं. आपण जुळवलेल्या प्रत्येक लग्नाची माणसं चांगदेव बस्ता बांधायला तिथेच आणायचा. एका वऱ्हाडासमोर, भर दुकानात, तो शेठला म्हणाला, "शेठ, आज सांगून टाकतो. तुमच्या ह्या लाल शालूचा रंग पयल्याच पान्यात जातो. नवरीच्या लुगड्यासंगं नवऱ्याची बंडीबी लाल व्हती." वऱ्हाडातल्या बायकांनी शालू हळूच खाली ठेवला. नेमीचंदशेठनी हात जोडले. "भाऊ, तुमच्या तोंडून ऐकलं म्हणून सोसलं. तुमच्या जिवाला शांती लाभो," असं म्हणून त्यांनी वर एक टॉवेल भेट दिला.

ही दोन्ही किरकोळ होती. तिसरं जड होतं, आणि ते त्याने सर्वांत शेवटी ठेवलं होतं.

दहा-बारा वर्षांपूर्वी गावातल्या चिमाजीच्या लेकीचं, अक्षदाचं, लग्न ठरून मोडलं होतं. सुपारी फुटलेली, आणि मुलाकडच्यांनी एकाएकी निरोप धाडला, जमत नाही. का जमत नाही, ते चिमाजीला कधी कळलं नाही. चांगदेवाला कळलं होतं. गावचा जुना सरपंच गेणभाऊ, चिमाजीचा सख्ख्या भावासारखा दोस्त, मुलाकडे जाऊन सांगून आला होता की चिमाजी भांडकुदळ आहे, व्याह्यांना कोर्टात खेचणारा आहे, पुढे निभायचं नाही. मुलाच्या मामाने हे चांगदेवाला आपण होऊन सांगितलं होतं. चांगदेवाने ते पोटात घातलं, वर्षभरात अक्षदासाठी नारायणगावचं दुसरं स्थळ आणलं आणि लग्न लावून दिलं. आता ती दोन लेकरांची आई होती.

चांगदेवाने चिमाजीला बांधावर गाठलं आणि सगळं सांगून टाकलं.

चिमाजी ऐकून तसाच गेणभाऊच्या दारात गेला. ओरडला, शिव्या दिल्या. "बोल, गेला व्हतास का न्हाई?"

गेणभाऊ ओट्यावर बसला होता. "गेलो व्हतो," तो म्हणाला. पुढे एक शब्द बोलला नाही.

त्या दिवसापासून दोघांचं बोलणं तुटलं. गावात दोन तट पडले. यात्रेत देवाची काठी कुणी धरायची यावरून बाचाबाची झाली. ग्रामपंचायतीत एकाने होय म्हटलं की दुसरा नाही म्हणायचा. चांगदेवाला वाईट वाटलं, पण पोट मात्र हलकं झालं. आता मरायला हरकत नव्हती.

तो वाट बघू लागला.

दोन वर्षं झाली. चांगदेवाचे केस परत आले, आधीपेक्षा दाट. अर्ध्या पोटाने तो दिवसातून सहा वेळा थोडं थोडं खायचा, आणि अंगावर मांस धरू लागलं. दर तपासणीला नळी घालायचे, सोनोग्राफी करायचे, आणि श्रेया मॅडम हसत बाहेर यायच्या. "स्वच्छ आहे काका!" प्रत्येक वेळी त्या आधीपेक्षा जास्त खूश आणि जास्त कोड्यात पडलेल्या असत. एकदा तर त्यांनी जुन्या गाठीला पुन्हा नव्याने रंग देऊन पाहिला. तपकिरी होतं तेवढंच निघालं.

गावाला मात्र हे जड जाऊ लागलं. मरणाऱ्याचं ऐकून घेतलं होतं लोकांनी. हा मरेचना. सोपान रस्त्यात दिसला की त्याला वरून खालपर्यंत बघायचा आणि मान फिरवायचा. चिमाजीचे लोक म्हणत, दहा वर्षं दडवून का ठेवलं? गेणभाऊचे लोक म्हणत, आता तरी का बोलला? लग्न जुळवायला तर कुणी विचारीनाच. खरं बोलणारा मध्यस्थ कुणाला हवा होता? एकदा तो जुन्नरला नेमीचंदशेठच्या दुकानापुढून चालला असताना शेठ गादीवरून उठून उभे राहिले.

"भाऊ! अजून आहात?" मग स्वतःच ओशाळले. "म्हणजे, जुन्नरला अजून मुक्काम आहे का, असं विचारलं."

टॉवेलाचं काही बोलले नाहीत, पण त्यांची नजर चांगदेवाच्या खांद्यावरच्या टॉवेलावरून हलत नव्हती.

पुढच्या तपासणीला चांगदेव श्रेया मॅडमसमोर जाऊन बसला. चांगल्या बातमीने तो हल्ली जरा घाबरायचा.

"मॅडम, तुमचं ते पोटीन खोटं निगालं तर."

"खोटं नाही काका. आता आमच्याकडे खूप जणांचं झालंय. अजूनही दहांत आठच येतं."

"मग मी चुकलो का?"

मॅडम हसल्या, पण त्याचा चेहरा पाहून थांबल्या. "तुम्ही दोनांतले आहात. तेव्हाही दोन होतेच."

"मग तवाच दोन का नाय सांगितले?"

"सांगत होते. तुम्ही आठ ऐकलंत आणि उठलात. चहासुद्धा घेतला नाहीत."

 आठ सांगून दोन गिळण्याचा धंदा चांगदेवाने जन्मभर केला होता. स्वतःवर वेळ आली तेव्हा दोन गिळायला कुणी सांगितलंही नव्हतं, सवयीनेच गिळले गेले.

"त्या दोगांत ते पोटीन करतं तरी काय?" त्याने जाता जाता विचारलं.

"माहीत नाही," मॅडम म्हणाल्या. "खरंच माहीत नाही." हे सांगताना त्यांनी चहाचा आग्रह केला नाही, तेव्हा ते खरं असावं असं चांगदेवाला वाटलं.

२००४च्या थंडीत एक दिवस गेणभाऊ त्याच्या दारात आला. चार वर्षांत पहिल्यांदा. वाळला होता. शीलाने पाणी दिलं ते त्याने नुसतं हातात धरलं.

"मला काळं व्हतंय," तो म्हणाला. "तुज्यावानी. पुन्याला यशील का संगं? घरात अजून बोललो न्हाई."

"मी? भाऊ, माजं तोंड तरी बगावं वाटतं का तुमाला?"

"न्हाई वाटत. पर तू तिथनं जित्ता परत आलायस. दुसरं कोन हाय आपल्यात तसं?"

दुसऱ्या दिवशी दोघं पहाटेच्या गाडीने निघाले. मंचर मागे पडलं. खेडच्या घाटात गाडी पुढच्या ट्रकमागे अडकली, तेव्हा गेणभाऊ एकदम म्हणाला, "चिमाजीच्या अक्षदाचं मीच मोडलं. खरं व्हतं तुजं."

"जाऊ द्या भाऊ, आता..."

"का मोडलं, ते इचारलंस का कदी?"

चांगदेवाने मान हलवली. नव्हतं विचारलं. दहा-बारा वर्षं जपून ठेवलं, पण त्याच्या आत काय आहे हे कधी पाहिलं नव्हतं.

"पोर माज्या गोठ्यात येऊन बसली व्हती. सांजची. मनली, काका, मला ह्यो नवरा नको. बाला सांगितलं तर बा हातपाय मोडील. मी मनलं, पोरी, सुपारी फुटली, आता कसं? तर कायबी बोलली न्हाई. धरनाकडं बगत ऱ्हायली." गेणभाऊने उपरण्याने तोंड पुसलं. "ते बगनं मला काय आवडलं न्हाई. मग मी गेलो. पोरीचं नाव घेतलं आसतं तर तिला बट्टा लागला आसता. म्हनून बापाचं घेतलं. तिनं गळ्याची आन घातली व्हती, बाला कळू देऊ नगा. चिमाजी दारात शिव्या देत व्हता तवा काय सांगनार? तिचा संसार चाललाय."

ट्रक बाजूला झाला, गाडी पळू लागली. चांगदेव समोरच्या बाकाची दांडी घट्ट धरून बसला. आपण गावाला सांगितलेलं शब्द न् शब्द खरं होतं. आणि त्यात या म्हाताऱ्याची चार वर्षं धुळीला मिळाली होती.

"आता मरतोय तर कुनाला तरी ठावं आसू दे, म्हनून सांगितलं," गेणभाऊ म्हणाला. "पोटात ठेव."

दवाखान्यात गेणभाऊला नळी घातली, तुकडा काढून तपासायला दिला. आठवड्याने दोघं पुन्हा गेले. श्रेया मॅडमनीच रिपोर्ट वाचून सांगितला. "व्रण आहे. साधा अल्सर. पंधरा दिवस गोळ्या घ्या, आणि हात-पाय दुखले की परस्पर गोळ्या खाता ना, त्या बंद करा."

"कॅन्सर न्हाई?"

"नाही."

"आन् ते पोटीन?"

"गाठच नाही, तर प्रोटीन कशाचं बघू?"

गेणभाऊ बाहेर येऊन बाकावर बसला. त्याला आनंद झाला होता, पण चांगदेवाकडे बघताना तो अवघडला. मरायचं म्हणून बोलून बसला होता, आणि आता जगायचं होतं. ती अडचण चांगदेवाइतकी कुणाला ठाऊक नव्हती.

"येताना गाडीत बोललो ते..."

"काय बोललात?" चांगदेव म्हणाला. "घाटात लई आवाज व्हता. मला काय आयकूच आलं न्हाई."

पण तेवढ्याने भागणार नव्हतं. पुढचे कितीतरी दिवस चांगदेव विचार करत राहिला. गेणभाऊला मोकळं करायचं, तर अक्षदाचं नाव घ्यावं लागणार. तिचं नाव न घेता खरं सांगायला वाटच नव्हती. शेवटी एका सकाळी तो चिमाजीच्या खळ्यावर गेला. चिमाजी भात उफणत होता, दोन गडी मदतीला होते. चांगदेव त्यांच्यादेखत मोठ्याने बोलला.

"चिमाजी, गेणभाऊचं मी तुला जे सांगितलं ते खोटं व्हतं. मी रचलं."

चिमाजीच्या हातातलं सूप थांबलं. "पर त्यो सोता मनला, गेलो व्हतो मनून."

"गेला व्हता ते तुजी तारीफ करायला. पोराकडच्यांनी आधीच मोडायचं ठरीवलं व्हतं. त्यो समजूत घालाया गेला. तू दारात शिव्या दिल्यास, मानी मानूस, त्यो कशाला खुलासा करतोय? केमोनं माजं डोकं फिरलं व्हतं बग. काय बी बरळत व्हतो."

खोटं अगदी सफाईने निघालं. इतक्या वर्षांत त्याने लग्नाच्या बाबतीत एकही धडधडीत खोटं सांगितलं नव्हतं, ते हे पहिलं. चिमाजीने त्याला पोटभर शिव्या दिल्या, आणि मग सूप टाकून, अंगावरचा भुसाही न झटकता, गेणभाऊच्या घराकडे निघाला. दोघं त्या दिवशी दुपारपर्यंत ओट्यावर बसले होते. गेणभाऊ काय बोलला ते कळलं नाही. बहुतेक काहीच बोलला नसेल.

चांगदेव खोटारडा ठरला. पण गावाने त्याचा हिशेब आपल्या पद्धतीने केला. केमोने डोकं फिरलं होतं, तर मग त्या काळातलं सगळंच बरळणं होतं. सोपान आला आणि म्हणाला, "म्हंजी माज्या सुराचंबी तसलंच का?" चांगदेव म्हणाला, "तसलंच." पुढच्या गुरुवारी देवळातून टाळ ऐकू आले, आणि पेटी एका वाटेने, सोपान दुसऱ्या. शीला ऐकून हसली. "मला वाटलं हे गाणं गेलं एकदाचं," ती म्हणाली, आणि पदर सावरून भजनाला गेली. नेमीचंदशेठनीही कुणाकरवी निरोप पाठवून शालूबद्दल खात्री करून घेतली.

पाच वर्षांची तपासणी झाली तेव्हा श्रेया मॅडमनी त्याला मोकळं केलं. आता वर्षाने एकदा या, म्हणाल्या. पुण्याच्या एका मोठ्या सभेत त्यांनी आपला अभ्यास मांडला होता, त्याबद्दल त्या बराच वेळ बोलल्या. चांगदेवाने या वेळी चहा घेतला आणि शेवटपर्यंत ऐकलं.

उन्हाळा लागता लागता चिमाजी त्याच्याकडे आला. इकडचं तिकडचं बोलला. कांद्याचं बोलला, धरणाच्या पाण्याचं बोलला. मग म्हणाला, "धाकट्या भावाची पोर लग्नाची झालीय. आपल्या माहितीतलं एखादं स्थळ बग की राव. तुज्यासारकं बोलनं कुनाला जमत न्हाई."

"बगतो," चांगदेव म्हणाला. "पोरीला इचारलंय का, तिच्या मनात काय हाय?"

चिमाजी हसला. "तिला काय इचारायचं?"

चांगदेव उठला, पायांत चपला घातल्या. "चल मग. आधी तिच्याकडंच जाऊ. तू भायेर बस, मी इचारतो."

"आत्ता? उन्हाचं?"

"आत्ता," चांगदेव म्हणाला, आणि त्याची वाट न बघता चालू लागला.